मोजणीच्या साखळीला टिकल्या

घाटकोपर,
माघ वद्य तृतीया

चिरंजीव बाळास अक्काचा पोटभर आशीर्वाद.

मी अक्का. तुझी सख्खी थोरली बहीण, घाटकोपरला असते ती. एवढी ओळख आधीच देऊन ठेवते, कारण तुझ्या विसरण्याला काही धरबंध राहिलेला नाही. मुंजीत भिक्षावळीचे लाडू कुठे लपवलेस ते तू विसरलास आणि महिनाभराने मुंग्यांनी दाखवले. स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआड उभा राहून शेजारच्याला "मुहूर्त कितीचा, आणि कोणाचा?" असं विचारलंस, ते मी या कानांनी ऐकलं आहे. आता अठ्ठावन्न वर्षांचा झालास. तुझा गुडघा कसा आहे? (उजवा की डावा ते मी विचारत नाही. तुला सांगता यायचं नाही.) रुक्मिणीचा खोकला राहिला का? मृणालिनी सासरी रमली का? वाडीतल्या पोफळींना यंदा पाणी पुरतंय ना? आमची विचारशील, तर माझे डोळे ठीक, दात मोजकेच पण कामाचे, आणि तोंड पहिल्यासारखं.

पत्र सुनंदा लिहिते आहे, आमची सून, मधुकरची बायको. मला अक्षरओळख नाही हे तुला ठाऊक आहेच. आबांनी तुला शाळेत घातलं आणि मला घातलं नाही. पुढे शिकलेलं सगळं तू विसरलास, तेव्हा आज आपण दोघं सारखीच. सुनंदाचं अक्षर मोत्यासारखं आहे असं सगळे म्हणतात. मला काय, मोती काय नि मिरी काय. (ती म्हणते असलं लिहायचं नसतं. लिही गं, तो तुला ओळखतो.)

आता मुद्द्याचं. मृणालिनीच्या लग्नात, पंगतीत बसून, हातात जिलबी धरून तू मला शब्द दिला होतास की "अक्का, तुमचा टिकल्या मला दे, वाडीला राखण होईल." आठवतं? नसेलच. टिकल्या म्हणजे आमचा कुत्रा. अंगाने काळा, कपाळावर पांढरा ठिपका. स्वभावाने साधू, पण त्याचं एक दुखणं आहे. विक्रोळीच्या कारखान्याचा भोंगा वाजला की तो मान वर करून त्याला साथ देतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कारखान्यातले कामगार रजा घेतात, पण टिकल्याने आजवर एकही पाळी चुकवलेली नाही. पूर्वी त्याचं कौतुक होतं. श्रावणात माणिक झाली, मधुकर-सुनंदाची मुलगी, आणि कौतुक संपलं. भोंगा वाजला की टिकल्या रडतो, टिकल्या रडला की माणिक उठते, माणिक उठली की सुनंदाला रडू येतं, आणि मग मधुकर सदरा अडकवून घराबाहेर जाऊन उभा राहतो. शेवटी तो म्हणाला, "आई, कुत्रं जाऊ दे. पण जाईल तर मामाकडेच. माझ्या हातून ते रस्त्यावर सुटायचं नाही, नि परक्याच्या दारातही बांधायचं नाही. मामाने नेलं तर सुटलो. नाही नेलं तर आपलं नशीब म्हणून गप्प बसेन." पोरगा वाईट नाही. झोप मिळत नाही, एवढंच.

म्हणून आम्ही दोघं निघालो, मी आणि हे. (नाव मी घेणार नाही. तू विसरला असशील तर रुक्मिणीला विचार, भावोजींचं नाव काय म्हणून.) आमच्या खालच्या मजल्यावर जयंती राहते, तिच्या नवऱ्याचं, चंद्रप्रकाशचं, आग्रा रोडवर मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज आहे. त्याने एक जुनी काळी मोटार आठवडाभरासाठी दिली. एक दार काथ्याने बांधलेलं होतं आणि हॉर्न थेट भोंग्याच्या सुरात वाजत होता. ह्यांनी लढाईच्या वर्षांत खात्याची लॉरी चालवली होती; त्यानंतर घरातला पलंगसुद्धा सरकवलेला नाही. तेव्हा गाडी बैलगाडीच्या चालीने चालली आणि दर वळणावर हॉर्न वाजला. हॉर्न वाजला की टिकल्याने सूर लावला. ठाणे, मुंब्रा, पनवेल, पेण, सगळ्या गावांनी आम्हाला बघण्याआधी ऐकलं.

धर्मशाळेत कुत्र्याला घेत नाहीत, आणि ओळखीच्यांकडे उतरावं तर दोन पानं वाढायची आणि कुत्र्याला एक पत्रावळ, म्हणून ह्यांनी ठरवलं की तंबूत राहायचं. आनंदाने नुसते फुलले होते. तीस वर्षं सरकारच्या जमीनमोजणी खात्यात काढली, सगळी फिरती तंबूतली. लग्न झाल्यापासून मी ऐकते आहे, तंबू कसा ठोकावा, वारा कुठला घ्यावा, खुंटी किती तिरकी मारावी. पनवेलला खाडीच्या काठी गाडी थांबली, हे उतरले, हात पाठीमागे बांधले, आणि म्हणाले, "हं. चला. लावा." मी इकडे तिकडे पाहिलं. मी आणि टिकल्या, तिसरं कोणी नाही. तेव्हा मला उलगडा झाला की तीस वर्षं तंबू काशीराम शिपायाने लावला आणि ह्यांनी तो लावलेला पाहिला. खुंटी कुठली आणि खांब कुठला हे मी त्यांना विचारलं तर म्हणतात, "ते काशीराम बघायचा." (काशीराम बिचारा पेन्शनीत आहे, नाहीतर त्याला पत्र लिहिलं असतं.) मग मी पदर खोचला. तंबू म्हणजे काय, चार कोपऱ्यांचं लुगडंच की. निऱ्या कुठे घ्यायच्या ते बाईमाणसाला सांगावं लागत नाही. हे मागून "डावीकडे जरा, डावीकडे" करत होते आणि टिकल्या खुंट्या उपटून मला परत आणून देत होता. कोणाचा उपद्रव जास्त ते सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी अलिबागला समुद्राकाठी ह्यांनी जागा स्वतः निवडली. वाळूवर काठी धरून पाहिली, एक डोळा मिटला, पावलं टाकली आणि सांगितलं की पाणी इथवर येणं शक्यच नाही. मी म्हटलं, अहो, जमिनीला तुमचा धाक आहे, समुद्राला कोणी कळवलंय का? दिवेलागणीला भरती आली. सुगंधा म्हणून एक कोळीण सुकत घातलेले बोंबील उचलत होती, ती लांबून ओरडली, "ओ आजी, यो तंबू मासं धराला लावलाय काय गो?" तिने आणि तिच्या जावेने येऊन आमचं बिऱ्हाड माडाखाली ओढून नेलं. हे पाण्यात उभे, एका हातात चष्म्याचं घर, दुसऱ्यात पंचांग. त्यात भरतीची वेळ दिलेली असते, ती तेव्हा वाचत होते. सुगंधाने टिकल्याला सुका बोंबील टाकला. त्याने तो हुंगला, डोळे मिटले, आणि तेव्हापासून भाकरीकडे तोंड फिरवलं आहे.

आता साखळीचं सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळे झाला. टिकल्याला बांधायला आमच्याकडे दोरी होती ती त्याने पनवेललाच खाल्ली. मग ह्यांनी ट्रंकेतून आपली मोजणीची साखळी काढली. पेन्शनीत निघताना खात्याने मोडीत काढलेली ती साखळी हे घेऊन आले होते. अजून दसऱ्याला तिची पूजा होते. तेहेतीस फूट लांब, सोळा आणे पाडलेले, दर आण्याला पितळेची खूण. तिला टिकल्या बांधला. चालताना हे या आळीत आणि कुत्रा पुढच्या आळीत. तिसऱ्या दिवशी मोटार रस्त्याला ठेवून नागावात आम्ही असे शिरलो: पुढे टिकल्या, मागे खणखणणारी साखळी, साखळीच्या टोकाला खाकी टोपी घातलेले हे, आणि त्यांच्यामागे तंबू घेतलेली मी. तुझ्या भागातली माणसं तुला ठाऊक आहेत, बाळा. घरात साप निघाला तर "असू दे, जाईल" म्हणतील, पण बांधावर साखळी दिसली की ताटावरून उठतील. त्यात सध्या कुळकायद्याचे दिवस. दुपारपर्यंत सगळ्या वाड्यांतून बातमी गेली की मोजणीचे साहेब आले, मुक्काम टाकला, आणि यंदा पहिल्यापासून सगळं पुन्हा मोजणार.

तंबूसमोर अकरा माणसं येऊन बसली, हातात नारळ. ह्यांनी काही विचारायच्या आधीच एक म्हातारा उठून म्हणाला, "साहेब, आमच्या हद्दीचा दगड आज्याच्या वेळेपासून तिथंच आहे. मी हात लावलेला नाही. पावसानं सरकला असेल तर माहीत नाही." दुसरा म्हणाला की पावसानं नाही, म्हशीनं. ह्यांनी सांगितलं, अहो मी पेन्शनर, कुत्रा पोचवायला निघालो आहे. ते सगळे एकमेकांकडे बघून हसले. साहेब कच्चा नाही, असं त्यांना वाटलं. हे दोनदा नाही म्हणाले, आणि तिसऱ्यांदा (मी पुढे होऊन सांगते, हे कबूल करायचे नाहीत) म्हणाले, "बरं, आलोच आहे तर एक पाहून टाकू."

दोन भाऊ होते, एका फणसावरून नऊ वर्षं बोलत नव्हते. फणस दोन वाड्यांच्या मधोमध. ह्यांनी साखळीचं एक टोक धरलं. दुसरं सोडवायला कोणाला सुचलं नाही, ते टिकल्याच्या गळ्यात. तेवढ्यात कोंबडी निघाली. टिकल्या सुटला, धाकट्याच्या वाडीतून आत, विहिरीला वळसा, परत थोरल्याच्या वाडीत, आणि दमून बरोबर फणसाच्या बुंध्याशी बसला. साखळी ताणलेली. मग तो म्हातारा म्हणाला, "झालं. जनावर खोटं बोलत नाही." मी म्हटलं, एका साली फणस तुझा, एका साली त्याचा, आणि गरे दोघांच्या बायकांनी एकत्र बसून काढायचे. थोरला धाकट्याला म्हणाला, "पाणी घेणार का रे?" नऊ वर्षांनंतर पहिला शब्द. ह्यांना इतकं भरून आलं की त्यांनी टोपी काढून टिकल्याच्या डोक्यावर ठेवली. आणि घरी असताना हेच म्हणत होते की कुत्रं म्हणजे बिनकामाचं दुसरं पेन्शनर!

असे आम्ही चौथ्या दिवशी, भर दुपारी, चौलला तुझ्या दारात पोचलो. आणि दाराला कुलूप. पितळी कुलूप, हे एवढं, वर सिंहाचं तोंड, किल्लीच्या भोकावर सरकती झडप, आणि उजव्या बाजूला पोचा आलेला. (सुनंदा विचारते, मामांकडे असलं कुलूप कधीपासून. असतं गं गावात एकेकाकडे, तू लिही.) तुला मी पत्र पाठवलं होतं की अमुक दिवशी येतो. ते तू विसरलास. शब्द दिला होतास, तोही विसरलास. आम्ही ऊन कलेपर्यंत पडवीत बसलो, हाका मारल्या, टिकल्या रडला, कोणी आलं नाही. मग काय करणार, माघारी आलो. मधुकरला सगळं सांगितलं. तो सदरा अडकवून बाहेर जाऊन उभा राहिला. टिकल्या इथेच आहे, भोंगा आहे, माणिक आहे. तुझ्या विसरण्यापायी एवढ्या घराची झोप गेली, बाळा, याचा विचार कर.

बाकी क्षेम. रुक्मिणीला आशीर्वाद. गुडघ्याला एरंडेल लाव, आठवलं तर.

तुझी,
अक्का
(खाली अंगठा माझा आहे. शाई सांडली म्हणून माणिकच्या काजळात बुडवून उठवला आहे.)

ता. क. अक्षर बदललेलं दिसेल तुला. हे जयंती लिहिते आहे, खालच्या मजल्यावरची. सुनंदाला म्हटलं, तू माणिकला पाज, पत्त्याचं मी जयंतीकडून करून घेते. आता नीट ऐक, आणि हे एकटाच वाच.

वर कुलूप म्हणून सांगितलं, ते आमच्या कोळशाच्या खोलीचं आहे. तुझ्या दाराला कुलूप नव्हतं. तुझ्या दारापर्यंत आम्ही आलोच नाही. तुझ्या वाडीच्या अलीकडच्या वळणावर ह्यांनी गाडी थांबवली. म्हणाले, इंजिनात पाणी घालतो. पाणी भरलेलंच होतं. मग म्हणाले, टिकल्याला मोकळा करतो, आणि मागच्या सीटवर त्याच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ झाला म्हणून वळून पाहिलं तर मान खाली घालून साखळी चाचपत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणतात, "गाठ सुटत नाही." बाळा, साखळीला गाठ कुठली असते? तीस वर्षं ज्या माणसाने ती हातात वागवली त्याला हे मी सांगावं? त्या माणसाने आपल्या मुलींच्या पाठवणीला सुद्धा डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगितलं होतं. आता मोटारीत बसून कचऱ्याचंही नाव घेता येईना.

मी म्हटलं, तुम्ही बसा, मी पुढे जाऊन बाळा घरी आहे का बघून येते. तू नसावास असा देवाला नारळ बोलले. गडग्यावरून डोकावले तर तू होतास. अंगात बंडी, हातात कुदळ, आणि रुक्मिणी कुंपणाची काटेरी वई धरून उभी. मोजणीचे साहेब आल्याची बातमी तुझ्यापर्यंत पोचली होती ना? शेजारच्या श्यामकांतच्या वाडीत गेल्या किती वर्षांत सरकवलेली वई तू घाम पुसत पुसत आपल्या हद्दीत मागे घेत होतास. दीड हात, मी डोळ्यांनी पाहिला. ह्यांच्या साखळीत म्हणजे एक आणा आणि थोडं वर. आबांनी तुला काय शिकवलं होतं? आणि त्या बिचाऱ्या श्यामकांतच्या घरून दर होळीला तुला पोळ्या येतात! मी तशीच मागे फिरले. टिकल्याच्या तोंडात सुगंधाने वाटेसाठी दिलेल्यातला शेवटचा बोंबील होता म्हणून तो गप्प बसला, नाहीतर तू कुदळ टाकून पळालाच असतास. गाडीत येऊन ह्यांना सांगितलं, बाळा घरी नाही. हे म्हणाले, "अरेरे," आणि इतकी जोरात गाडी वळवली की काथ्याचं दार तुटून पडलं.

तेव्हा आता विनंती. पुढच्या महिन्यात मधुकर कचेरीच्या कामाने अलिबागला येतो आहे, आणि तुला भेटल्याशिवाय राहणार नाही. तो विचारेल. तू म्हणायचं, हो, विसरलो, मुरुडला लग्नाला गेलो होतो. जन्मभर नको तिथे विसरलास, एकदा माझ्यासाठी मुद्दाम विसर. म्हणजे मी वई विसरते. (परत मागे घेतलीस ते चांगलं केलंस. तिथेच राहू दे. आता साखळी आमच्या घरात आहे आणि हे मोटार शिकले आहेत.)

आणि मधुकरबरोबर सुके बोंबील पाठव, टिकल्याला दुसरं काही चालत नाही. मधुकरने त्याला ताक-भाकरीच घालायची असं बजावलं आहे, म्हणून बोंबील डब्यात तळाशी घाल आणि वर आंबापोळी अंथर. त्याला वाटेल, खाऊ आहे. विसरू नकोस.

ती. मामांना सुनंदाचा शि. सा. न.

जयंतीवहिनी पाकीट चिकटवायला खळ मागायला आल्या, ती माझ्याकडेच. घाईत पाकीट इथेच ठेवून गेल्या. मी वाचायला नको होतं, पण वाचलं. कुलूप कोळशाच्या खोलीचं आहे ते मला लिहितानाच कळलं होतं. किल्ली माझ्या कमरेला असते.

मामा, टिकल्या आठवडाभर घरात नव्हता, तेव्हा माणिक भोंगा झाला की उठायचीच, आणि घाबरून घाबरून रडायची. तो आल्यापासून भोंगा झाला की त्याच्या सुराची वाट बघते, आणि त्याने मान वर केली की हसते. ह्यांना, माणिकच्या बाबांना, मी अजून सांगितलेलं नाही. येत्या रविवारी जेवण झाल्यावर सांगेन. तुम्ही मात्र मुरुडच्या लग्नाचंच सांगा. सासूबाई आणि मामंजी संध्याकाळी गच्चीवर बसून त्याची रंगीत तालीम करतात. मामंजी तुमचं सोंग घेतात आणि सासूबाई ह्यांचं. मोडवत नाही.

आणि बोंबील आंबापोळीखाली घालू नका. आंबापोळीला वास लागतो आणि दोन्ही फुकट जातात. बोंबील वेगळे, केळीच्या सोपटात बांधून द्या. जरा जास्तच द्या; परवा ताटातला एक ह्यांनीच गुपचूप टिकल्याला टाकताना मी पाहिलं.